खंडानं दिलेलं वऱ्हाड

हलगी थांबली आणि दवंडीवाला म्हणाला,
वऱ्हाड आता कायमचं खंडानं दिलं,
सालाचे पंचवीस लाख.
आम्ही नदीपलीकडं पाहिलं.
गोंदाजीचं वावर होतं तिथंच होतं,
बांधावरची बोर, बोरीखाली म्हैस.
कोंडाबाई म्हणाली, दिलं म्हंजी कुठं नेलं?

तसं आधीही ते गहाणच होतं,
माझा बाप रांगत होता तेव्हापासून.
पण गहाणाला एक आस असते,
फेडलं की सुटेल.
ज्या खंडाला शेवटचं साल नाही
असा खंड आमच्यात खुळाही करत नाही.
तो हैदराबादेत झाला, चांगल्या शाईनं, म्हणतात.

मी हैबती. डोंगा चालवतो.
पैनगंगेचं पाणी कुणाचं, असं मला दोन साहेबांनी दोनदा विचारलं.
मी म्हणालो, डोहात मगर आहे, तिला विचारा.

या काठाला हाली रुपया, त्या काठाला कलदार.
मधल्या धारेत कुठला चालतो
ते अजून कुणी ठरवलं नाही,
म्हणून तिथं वल्हं आडवं टाकून मी चिलीम भरतो.
माझी बहीण पुतळा पलीकडं दिली.
दोन वर्षांत ती 'मला'ऐवजी 'मले' म्हणायला लागली.
तेवढ्यावर मात्र नाक्यावर महसूल पडला नाही.

नाका बाभळीखाली.
मोहर्रीर अब्दुल वासे, खोकला, आणि मांडीएवढी वही.
खोबरं, गूळ, लुगडं, शेकडा पाच.
माणूस वाईट नव्हता. त्याची सासुरवाडी उमरखेडची;
ईदेला बायकोनं आणलेल्या बांगड्यासुद्धा
त्यानं मोजून वहीत चढवल्या होत्या.

पौषात गोंदाजी गेला.
घर मोगलाईत, वावर वऱ्हाडात,
आणि सगळे वाडवडील त्या बोरीखाली राख होऊन पडलेले.
मी दोन डोंगे एकत्र बांधले.
तिरडी काठावर टेकली तसा वासे उठून उभा राहिला,
डोक्यावरची टोपी नीट केली,
मग बसला. वही तर भरावीच लागणार.

माल काय?
कुणी बोललं नाही.
कफन पलीकडच्या बाजारचं, कालच आणलेलं,
येताना त्याचा महसूल दिलेला.
आता जाताना?
त्यानं पानं उलटली, मागं, पुढं, पुन्हा मागं.
असा रकाना छापलेलाच नव्हता.

तेवढ्यात थोरल्या पोराला आठवलं,
बाच्या तोंडात आईनं हाली घातलाय.
तिकडं कोण घेईल?
चौघांत वाद झाला, हलक्या आवाजात,
जसा मयताला ऐकू जाऊ नये म्हणून करतात.
शेवटी पोरानं कनवटीचा कलदार काढला
आणि तोही ठेवला. दोन्ही.
गोंदाजीचे गाल जरा फुगले,
जिवंतपणी कधी फुगले नव्हते.

वासेनं तारीख घातली:
इस्फंदार, तेराशे बारा फसली.
पलीकडच्या चौकीत जानेवारी लिहिली गेली.
आमच्यात वद्य चतुर्थी होती, चंद्र उशिरा निघाला.
एकाच दिवशी मेलेला माणूस
तीन दिवस मेला.
'परत कधी येणार' या रकान्यात
मोहर्रीरनं बोरू टेकवला, उचलला,
आणि एक ठिपका तसाच राहिला.

उतराई मी घेतली नाही.
मधल्या धारेत चिलीमही भरली नाही.

तेराव्यानंतर कोंडाबाई एकटीच पलीकडं गेली.
दिवस कलताना परतली,
ओटीत बोरं, पिकून सुरकुतलेली.
नाक्यावर थांबून तिनं आपणहून पदर सोडला,
म्हणाली, लिहा.
वासेनं वही मिटली.
एक बोर उचललं, बाहीला पुसलं, खाल्लं,
आणि बी कुठल्या बाजूला टाकावी कळेना म्हणून
बराच वेळ तोंडातच घोळवत बसला.